घरात वीज आहे, पण पोर्चमधला सॉकेट बंद?

जळगाव-धुळ्यात मे महिन्यात पोर्चमध्ये कुलर लागतो आणि नेमका तिथलाच सॉकेट बंद पडतो. आधी मेन बोर्डात पोर्चचा आरसीसीबी पाहा. घरगुती आरसीसीबी साधारण 30 मिलिअँपिअर गळतीला पडतो. कोरड्या हातांनी, चप्पल घालून त्या लाइनवरच्या सगळ्या पिना काढा, खटका वर करा, मग एकेक वस्तू लावा. जिच्यामुळे खटका पडेल, दोष तिच्यात. बऱ्याचदा कुलरच्या पाण्यातल्या पंपात. काहीही न लावता पडला तर वायरिंगमध्ये गळती. सॉकेट काळवंडला असेल तर मेन बंद करा. दोन्ही वेळा इलेक्ट्रिशियनच हवा. ‘सारखा पडतो’ म्हणून काही जण आरसीसीबीच काढून टाकतात. मग गळतीचा करंट आलेल्या कुलरच्या पत्र्याला ओला हात लागला, तर वीज तोडणारं बहुतेक काहीच उरत नाही.