बिनतारी जाळ्यातील ओळखीचा प्रश्न

संगणकाच्या वाय-फाय ॲडॅप्टरची मांडणी हा विषय सामान्यतः तंत्रसाहाय्यकांच्या कक्षेतला मानला जातो. तथापि विद्यापीठात एकाच पासवर्डने ईमेल, ग्रंथालय, गुणनोंदी आणि संशोधनसामग्री अशी अनेक दालने उघडतात. तो पासवर्ड कोणाच्या हाती पडेल, हे बऱ्याच अंशी या मांडणीवर अवलंबून असते. म्हणून तिच्यामागील तत्त्व अभ्यासकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

तारेने जोडलेल्या संगणकाची तार कोठे जाते, हे निदान पाहता येते. बिनतारी जाळ्यात ती सोय नाही. जाळे केवळ आपले नाव घोषित करते, आणि ते नाव कोणालाही धारण करता येते. ‘एज्युरोम’ ही विद्यापीठांची सामाईक बिनतारी सेवा आज भारतासह शंभरांहून अधिक देशांत चालते. तिचे नाव सर्वत्र एकच असल्याने खऱ्याखोट्याचा निवाडा नावावरून मुळीच होऊ शकत नाही.

अशा जाळ्यांत प्रवेश ८०२.१एक्स या मानकानुसार दिला जातो. त्याच्या ‘पीप’ या प्रचलित पद्धतीत प्रथम सर्व्हर आपले प्रमाणपत्र दाखवतो, त्याच्याशी कूटबद्ध मार्ग प्रस्थापित होतो आणि मग त्या मार्गाने वापरकर्त्याची ओळख पटवली जाते. आतील ‘एमएस-चॅप’च्या दुसऱ्या आवृत्तीची देवघेव स्वतः दुर्बल आहे. ती फोडण्याचे काम छप्पन्न बिटांच्या एका किल्लीच्या शोधाइतकेच उरते, हे २०१२ साली मॉक्सी मार्लिनस्पाइक व डेव्हिड हल्टन यांनी दाखवून दिले. किल्ली सापडली की पासवर्डइतकेच उपयोगी पडणारे त्याचे सांकेतिक रूप हाती येते. तात्पर्य, सारे संरक्षण बाहेरच्या मार्गावर, आणि पर्यायाने प्रमाणपत्राच्या पडताळणीवर विसंबून आहे.

ही पडताळणी वापरकर्त्यावर सोपवली तर काय होते? त्याच्यापुढे एक सूचना येते. तिच्यातील मजकुराची सत्यासत्यता तपासण्याचे कोणतेही साधन त्याच्यापाशी नसते. आणि व्याख्यानाची वेळ झालेली असते. तो ‘होय’ म्हणतो. हा त्याचा निष्काळजीपणा नव्हे. जो प्रश्न त्याला विचारावयासच नको होता, तो विचारण्यात आलेला असतो.

म्हणून संस्थेच्या नियंत्रणाखालील उपकरणांवर ही मांडणी केंद्रस्थानाहून बसवावी. विंडोजसाठी ‘ग्रुप पॉलिसी’, तर ॲपलच्या उपकरणांसाठी ‘कॉन्फिगरेशन प्रोफाइल’ यांची योजना आहे. साधन कोणतेही असो, तीन गोष्टी निश्चित कराव्या लागतात: कोणत्या प्रमाणन-संस्थेवर विश्वास ठेवावयाचा, सर्व्हरचे नेमके नाव कोणते, आणि विसंगती आढळल्यास वापरकर्त्यास न विचारता जोडणी नाकारावयाची. यांतील दुसरी अट अनेकदा गाळली जाते. परंतु सार्वजनिक प्रमाणन-संस्था कोणासही त्याच्या स्वतःच्या नावाचे प्रमाणपत्र देते. केवळ संस्था तपासून नाव न तपासणे म्हणजे शिक्का पाहून पत्राखालची सही न पाहण्यासारखे आहे.

या कठोरतेची किंमतही आहे. मांडणी जाळ्यातून पाठवावयाची, तर जाळ्यात प्रवेश आधी हवा. म्हणून ती उपकरण हाती देण्यापूर्वीच, अथवा तारेच्या जोडणीने बसवावी लागते. दुसरे असे की, सर्व्हरची प्रमाणन-संस्था बदलताच जुनी मांडणी असलेली सर्व उपकरणे एकाच सकाळी बाहेर राहतील. तेव्हा नव्या संस्थेची नोंद बदलापूर्वी पुरेसा काळ जुनीच्या जोडीने पोहोचवणे आवश्यक ठरते.

पासवर्डऐवजी उपकरणालाच प्रमाणपत्र देणारी ‘ईएपी-टीएलएस’ पद्धत अधिक सुरक्षित होय. तीत चोरण्याजोगा पासवर्डच उरत नाही. मात्र तेथेही सर्व्हरची पडताळणी टळत नाही. जाळे आपली ओळख विचारते, हे सर्वांना ठाऊक असते. आपल्या उपकरणाने त्याआधी जाळ्याची ओळख विचारली काय, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर वापरकर्ता पडद्यापुढे बसण्यापूर्वीच ठरलेले असावयास हवे.