आघाताचा धनी कोण? लक्ष्यांतराच्या नियमांविषयी काही गैरसमज

मेजावर छोट्या प्रतिमा मांडून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांत वारंवार उद्भवणारी एक तकरार अशी की, एकाच वेळी अनेकांवर सोडलेल्या हल्ल्यातील आघात मध्येच एखाद्या रक्षकाने आपल्या अंगावर घेतला, तर त्याच्याकडे नेमके काय सरकते : सबंध हल्ला, त्यातील एक प्रहार, की प्रहारातून उद्भवणारी हानी? गेओर्ग फोन राइसविट्झ याने १८२४ साली प्रशियाच्या लष्करी अधिकाऱ्यांसाठी आपल्या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले, तेव्हा अशा प्रसंगी निवाडा करण्यास दोन पक्षांच्या मध्ये पंच बसविलेला असे. गेम्स वर्कशॉपने १९८७ साली प्रथम प्रकाशित केलेला ‘वॉरहॅमर ४०,०००’ किंवा मूळचा प्रायव्हेटीअर प्रेसचा ‘वॉरमशीन’ यांसारखे खेळ मात्र बहुधा दोघेच जण घरी किंवा क्लबात खेळतात. तेथे पंचाचा अधिकार नियमाच्या शब्दांकडे आलेला असतो, आणि म्हणून ते शब्द अक्षरशः वाचण्यावाचून गत्यंतर नाही.

सर्वांत रूढ गैरसमज असा की, रक्षक पुढे सरसावला की हल्ला समग्रच त्याच्यावर जातो. वस्तुतः अनेक लक्ष्यांवरील हल्ला म्हणजे स्वतंत्र प्रहारांची एक जुडी असते, आणि लक्ष्यांतराचे कलम त्यांतील ज्या प्रहारास लागू होते तेवढाच सरकतो. एका कर्जखतावर जामीन राहिलेला इसम ऋणकोच्या इतर कर्जांना बांधील होत नाही, तद्वत. याहून महत्त्वाची गोष्ट ही की, नेम धरणे, प्रहार लागणे, जखम होणे आणि हानी मोजली जाणे या पायऱ्या क्रमाने येतात, आणि निरनिराळे नियम निरनिराळ्या पायरीवर अंमलात येतात.

‘वॉरमशीन’च्या २०१६ सालच्या तिसऱ्या आवृत्तीतील ‘शील्ड गार्ड’ हा नियम प्रहार लागल्यानंतरच्या पायरीवर उभा आहे. प्रतिपक्षाच्या पाळीत, तीन इंचांच्या आत असलेल्या मित्रप्रतिमेला दुरून केलेला हल्ला थेट लागला, तर ढालधारी रक्षक फेरीत एकदाच तो स्वतःवर घेऊ शकतो. मात्र तो स्वतः जमिनीवर पडलेला किंवा जागच्या जागी निश्चल झालेला असता कामा नये. येथे पुष्कळ खेळाडू रक्षकाच्या बचावाचा आकडा निराळा म्हणून लागण्याचे फासे पुन्हा टाकावयास सांगतात. ही मागणी गैरलागू आहे, कारण नियमानुसार रक्षकाला प्रहार आपोआप लागतो आणि त्याचे सर्व परिणाम त्याच्या वाट्यास येतात. दुसरा घोटाळा ‘थेट’ या शब्दाकडे दुर्लक्ष केल्याने होतो. स्फोटाच्या वर्तुळाखाली सापडलेल्या शेजाऱ्यांना जी झळ बसते ती थेट लागलेली नसते, सबब ती रक्षकाला उचलता येत नाही. आणि गोळा चुकून अन्यत्र भरकटला, तर थेट लागलेला असा कोणीच उरत नाही. फवाऱ्याच्या हल्ल्यात साच्याखालील प्रत्येक प्रतिमेवर स्वतंत्र फासे पडतात, पण त्या हल्ल्यांना नियमाने स्पष्टच वगळले आहे. फेरीत एकदाच, ही मर्यादा मला अत्यंत न्याय्य वाटते. रक्षकाचा उपयोग कोठे खर्ची घालावा हा विचार तिच्यामुळेच जिवंत राहतो.

याच्या उलट उदाहरण म्हणजे ‘वॉरहॅमर ४०,०००’च्या आठव्या आवृत्तीत ताऊ सैन्याला मिळालेला ‘सेव्हियर प्रोटोकॉल्स’ हा नियम. २०१८ सालच्या ताऊ ग्रंथानुसार पायदळाला किंवा यांत्रिक चिलखतधाऱ्यांना शत्रूच्या प्रहाराने जखम झाली की तीन इंचांच्या आतील ड्रोन-पथकासाठी एक फासा टाकावा, आणि दोन किंवा अधिक पडल्यास ती जखम ड्रोनांच्या माथी घालता येई. ड्रोन भिंतीआड आहेत, नेमबाजाला दिसत नाहीत, म्हणून हे चालणार नाही, असा आक्षेप घेतला जाई. तो टिकत नसे. लक्ष्य तेच राहत होते, सरकत होती ती जखम, आणि दृष्टिपथ व पल्ला यांची तपासणी तर नेम धरतानाच संपलेली असे. प्रहाराची सारी हानी ड्रोनांवर जाते, ही समजूतही चुकीची होती. मूळ हानी कितीही असो, ड्रोन-पथकाला तिच्या जागी बचावाची संधी नसलेली एकच जखम सोसावी लागे, म्हणजे सहा हानीची तोफ एका स्वस्त ड्रोनावर संपून जाई. विनिमयाचा इतका विषम दर मला खेळाच्या दृष्टीने अनिष्ट वाटतो, परंतु कलम तसेच होते.

‘वॉरहॅमर ४०,०००’मध्ये एकाच पथकाने आपली शस्त्रे दोन-तीन लक्ष्यांत विभागली असता, पहिले लक्ष्य लवकर नष्ट झाल्यास उरलेले प्रहार दुसरीकडे वळविता येतात, असेही काहींना वाटते. तशी मुभा नाही. सर्व लक्ष्ये आधीच जाहीर करावयाची, आणि शिल्लक प्रहार वाया जाऊ द्यावयाचे.

२०२३ सालच्या दहाव्या आवृत्तीविषयीचे गैरसमज मुख्यतः जुन्या स्मरणातून आलेले आहेत. सहाव्या आवृत्तीत नायकाची जखम ‘लुक आउट, सर’ म्हणून फाशाच्या बळावर शेजारच्या शिपायावर ढकलता येत असे; नवव्या आवृत्तीत त्याच नावाखाली, ठरावीक अटी पुऱ्या होत असतील तर, नायकावर नेम धरण्याचीच मनाई होती. आता नायक पथकाला जोडला जातो आणि रक्षक शिपाई जिवंत असेतो प्रहार त्यांच्यातच वाटले जातात. अखेरचा शिपाई पडल्यावर मात्र अद्याप न वाटलेले प्रहार नायकावर जाऊ शकतात. ‘प्रिसिजन’ असलेल्या शस्त्राचा धनी जखम झाल्यानंतर तो प्रहार दिसणाऱ्या नायकाला द्यावयाचा असे ठरवू शकतो. पण जखमेचा फासा त्यापूर्वीच पडलेला असतो, आणि तो नायकाच्या नव्हे, रक्षक शिपायांच्या कणखरपणाशी ताडून पाहिलेला असतो. हल्ला करणाऱ्या पथकाचे सर्व प्रहार संपेपर्यंत तोच आकडा कायम राहतो, मग मधल्या वेळात एकही शिपाई उरलेला नसला तरी.