स्थूलत्वावरील शस्त्रक्रिया आणि विम्याची रोखरहित सोय

गुहागर तालुक्यातील वेळणेश्वर हे समुद्रकाठचे गाव तेथील शिवमंदिरासाठी सर्वदूर परिचित आहे. मात्र मोठ्या शस्त्रक्रियेसाठी या परिसरातील रुग्णाला चिपळूण, रत्नागिरी अथवा थेट पुणे-मुंबई गाठावी लागते. अशा प्रवासास निघण्यापूर्वी रुग्णालयाचा विमा कंपनीशी करार आहे किंवा नाही, याची खात्री करून घेणे अगत्याचे आहे. स्थूलत्वावरील शस्त्रक्रियेसारख्या नव्या उपचारांच्या बाबतीत ही दक्षता विशेष आवश्यक ठरते.

स्थूलत्व हा आता केवळ शहरी सुखवस्तूंचा प्रश्न राहिलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २४ टक्के स्त्रिया व २३ टक्के पुरुष यांचे वजन प्रमाणापेक्षा अधिक आहे. आहार, व्यायाम व औषधे यांनी गुण न आल्यास जठराचा आकार लहान करणारी किंवा अन्नाचा मार्ग बदलणारी शस्त्रक्रिया केली जाते. तिचा खर्च लाखांच्या घरात जातो.

पॉलिसीतील अटी

पूर्वी बहुतेक पॉलिसींतून हा खर्च सरसकट वगळला जात असे. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २०१९ मध्ये याविषयीच्या अटी निश्चित केल्या. त्यानुसार शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने व मान्य वैद्यकीय पद्धतीनुसार झालेली असावी आणि रुग्णाचे वय किमान १८ वर्षे असावे. तसेच शरीरभार निर्देशांक ४० किंवा त्याहून अधिक असावा. हृदयविकार, झोपेत श्वास अडण्याचा तीव्र विकार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असून सौम्य उपाय निष्फळ ठरले असतील, तर ३५ निर्देशांकही ग्राह्य धरला जातो. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा निर्देशांक मिळतो. १.६० मीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन सुमारे १०२ किलो असल्यास तो ४० येतो. या अटींखेरीज पॉलिसीतील प्रतीक्षा कालावधीही पाहावा लागतो.

करार कोणाशी?

नवे केंद्र सुरू झाले म्हणजे ते आपोआप सर्व कंपन्यांच्या जाळ्यात येत नाही. प्रत्येक कंपनीशी दर व सेवा यांविषयी स्वतंत्र करार व्हावा लागतो. जुन्या रुग्णालयात नवा विभाग सुरू झाला असला, तरी त्या विभागातील शस्त्रक्रिया करारात अंतर्भूत आहे का, हे विचारावे लागते. ‘आमच्याकडे विमा चालतो’ एवढे तोंडी उत्तर पुरेसे नाही.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना व खाजगी विमा यांतही गल्लत होऊ नये. १ जुलै २०२४ पासून विस्तारित झालेल्या या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. परंतु ते अंगीकृत रुग्णालयांतील निश्चित केलेल्या उपचारांपुरतेच मिळते. योजनेत अंगीकृत असलेले रुग्णालय खाजगी कंपनीच्या जाळ्यात असेलच असे नाही; त्याचप्रमाणे उलटही घडू शकते. योजनेची माहिती रुग्णालयातील आरोग्यमित्र देतात.

कोकणातील अनेक वृद्ध आईवडिलांचा विमा मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाच्या कंपनीमार्फत उतरविलेला असतो. अशा सामूहिक पॉलिसींच्या अटी वेगळ्या असू शकतात. म्हणून त्या पॉलिसीची प्रत घरी असणे हिताचे ठरते.

करार नसल्यास

जानेवारी २०२४ मध्ये सर्वसाधारण विमा परिषदेने करार नसलेल्या रुग्णालयांतही रोखरहित सोय देण्याचा उपक्रम सुरू केला. त्यासाठी नियोजित शस्त्रक्रियेची सूचना कंपनीला किमान ४८ तास आधी द्यावी लागते आणि खर्च पॉलिसीत बसणारा असावा लागतो. मे २०२४ च्या परिपत्रकानुसार पूर्वमंजुरीच्या अर्जावर कंपनीने एका तासात निर्णय द्यावयाचा आहे. मंजुरी न मिळाल्यास खर्च प्रथम स्वतः करून नंतर परतावा मागता येतो; त्यासाठी सर्व मूळ कागद जपून ठेवावेत. कंपनीकडे तक्रार करूनही समाधान न झाल्यास विमा लोकपालांकडे विनाशुल्क दाद मागता येते.

शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांचे काम येथे मोलाचे ठरते. कोणी रुग्ण शस्त्रक्रियेसाठी निघत असल्यास पॉलिसीत हा उपचार बसतो का, रुग्णालयाचा करार आजमितीस चालू आहे का आणि लेखी पूर्वमंजुरी हाती आली आहे का, हे तीन प्रश्न त्याला अवश्य विचारावेत. त्यांची उत्तरे गावातच मिळाली, तर जमीन किंवा दागिने गहाण टाकण्याचा प्रसंग अनेक कुटुंबांवरून टळू शकेल.