काळ्या पडद्यावरची निळी रेघ

चांदूर रेल्वेत घर बांधायचं म्हणजे आधी नकाशा, आणि नकाशा नगरपरिषदेत द्यायचा तर रंग ठरलेले. २०२० साली राज्यात लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार प्लॉटची हद्द जाड काळी, नवं बांधकाम लाल, पाडायचा भाग पिवळ्या आडव्यातिडव्या रेघांचा. हे झालं कागदाचं. संगणकाच्या पडद्यावर मात्र ज्याला जो रंग आवडेल तो. गडबड तिथेच होते.

काळ्या पार्श्वभूमीवर शुद्ध निळी रेघ काढून पाहा. ती आहे, पण शोधावी लागते. पडद्याच्या पांढऱ्या उजेडात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७. शिवाय दृष्टिपटलाच्या अगदी मध्यावर, जिथून आपण बारीक रेघ निरखतो, निळ्याला दाद देणाऱ्या शंकुपेशी जवळपास नसतातच. उजळपणाचं गुणोत्तर काढलं तर काळ्यावर पिवळा १९.६, लाल ५.३ आणि निळा २.४. पार्श्वभूमी पांढरी करा, डाव उलटतो: निळा ८.६ वर जातो, पिवळा १.१ वर येऊन दिसेनासा होतो. म्हणून ‘कोणता रंग चांगला’ हा प्रश्नच अर्धवट आहे; कशावर, ते आधी सांगा.

मग पार्श्वभूमी कोणती? काळी डोळ्यांना थंड, असं बहुतेक ड्राफ्ट्समन सांगतात. अंधाऱ्या खोलीत ते पटतं. पण वैशाखात दार उघडं टाकून बसलात की बाहेरचं ऊन काळ्या पडद्यावर पसरतं, काळं राखाडी होतं आणि फिक्या रेघा विरतात. उजळ पडद्यापुढे बाहुली आकसते, त्यामुळे बारीक अक्षरंही रेखीव दिसतात. भर दुपारी मी तरी पांढराच पडदा घेईन.

पार्श्वभूमी बदलणं सोपं. रेघांचे रंग बदलताना मात्र जपून. १९८२ च्या डिसेंबरात ऑटोकॅड हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर आलं, तेव्हा नकाशा कागदावर उतरवणाऱ्या प्लॉटरमध्ये खरीखुरी पेनं असत आणि रंगाचा क्रमांक म्हणजे कोणतं पेन उचलायचं त्याची खूण. पेनं गेली, रीत उरली: अजूनही पुष्कळ ठिकाणी रंगावरूनच छापील रेघेची जाडी ठरते. डोळ्यांना बरं म्हणून भिंतीचा रंग बदलला आणि प्रिंटमध्ये भिंत केसासारखी आली, असं होतं ते यामुळे. सात क्रमांकाचा रंग तेवढा हुशार. काळ्यावर पांढरा, पांढऱ्यावर काळा दिसतो.

आणखी एक गोष्ट. गावाच्या स्टेशनातून गाडी नेणाऱ्या लोको पायलटची रंगदृष्टी इशिहाराच्या ठिपक्यांच्या तक्त्यांवर तपासलेली असते. नकाशा काढणाऱ्याची कोण तपासतो? लाल कमी दिसणाऱ्या डोळ्याला काळ्यावरची लाल रेघ जवळजवळ काळीच. नियमावलीत सांडपाण्याची वाहिनी लाल आहेच, पण तुटकही आहे. रंग ओळखला नाही तरी तुटकपणा दिसतो.