कुरणाची पारख आणि राखण

गवताचे रान दिसले की आपण शहरवासी त्याला ‘पडीक’ म्हणून मोकळे होतो. तेथे पीक नाही, झाड नाही. तेव्हा जमीन वाया गेली, असा आपला हिशेब. सोलापूर किंवा माण-खटावकडील कोरडवाहू शेतकऱ्याचा हिशेब निराळा असतो. ज्या वर्षी ज्वारी हातची जाते, त्या वर्षी त्याचे बैल व गाय बांधापलीकडील गवताच्या पडीवरच तग धरतात. तेव्हा असे कायमचे कुरण पारखावे कसे व राखावे कसे, हे आज पाहू.

पारख हिरवेपणावरून करू नये. श्रावणात सगळेच माळ हिरवे असतात. गवत कोणते आहे, ते पाहावे. दबडघाव व शंकरनारायण यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात भारतातील गवताळ प्रदेशांचे पाच प्रकार पाडले आहेत. दख्खनचे पठार त्यांपैकी पवन्या-मारवेल या प्रकारात येते. ही बहुवर्षायू व सकस गवते. म्हणूनच गुरे त्यांनाच आधी तोंड लावतात. चराई अति झाली की ती हटतात आणि कुसळी पसरते. कुसळी कोवळी असता गुरे खातात. पण पुढे तिची कुसळे मेंढ्यांच्या तोंडात व लोकरीत रुततात. तीही विरळ झाली की हलकी वर्षायू गवते, टाकळा आणि उघडी जमीन उरते.

दुसरी पारख तराजूची. पावसाळा संपताना एक मीटर लांबी-रुंदीची लाकडी चौकट रानात दहा-वीस ठिकाणी टाकावी, आतील गवत कापून वाळवावे व सरासरी काढावी. समजा, दर चौकटीस २०० ग्रॅम भरले. हेक्टरमध्ये अशा १०,००० चौकटी; म्हणजे दोन टन गवत झाले. त्यातील निम्मेच घ्यावे. तीनशे किलो वजनाच्या गाईला रोज सुमारे सात किलो वाळला चारा लागतो. म्हणजे हेक्टरभर रान एका गाईला जेमतेम पाच महिने पुरेल. एवढ्यावर चार गाई सोडल्या, तर दोष पावसाला देता येणार नाही.

निम्मे का सोडावे? गवत आपले अन्न पानांत तयार करते आणि मुळांशी साठवते. फुटवा आला की खुडला, असे होत गेले तर साठा संपतो, मुळे आखडतात, आणि पुढील वळवाच्या सरीबरोबर माती वाहून जाते. उरलेले गवत म्हणजे मुद्दल. खायचे ते व्याज.

राखणीचे नियम साधे आहेत. रानाचे चार भाग करावेत. दर वर्षी पाळीपाळीने एक भाग बी पिकून झडेपर्यंत पूर्ण बंद ठेवावा, बाकीचे आळीपाळीने चारावेत. काळी जमीन ओली असताना गुरे घालू नयेत. खुरांनी ती दबते. साठवणीचे गवत फुलोऱ्यावर येताच कापावे, कारण पुढे त्यातील सकसपणा घटतो. आणि चांगल्या कुरणात केवळ वनीकरणाच्या हौसेने खड्डे खणू नयेत.

हे सारे एकट्याच्या पडीवर जमते. गावच्या गायरानावर मात्र एकाने राखले व दुसऱ्याने चारले, तर काहीच उरत नाही. तेथे गुरांची संख्या आणि बंदीचे दिवस गावाने बसून ठरवावे लागतात. २०१९ साली दुष्काळी भागात चारा-छावण्या उघडाव्या लागल्या होत्या. छावणी संकटात जनावर जगवते; परंतु पुढल्या संकटाची तरतूद कुरणातच करावी लागते, आणि तीही पाऊस बरा झालेल्या वर्षी.