दगडात कोरलेले शहर : मातेरा



इटली देश नकाशात बुटासारखा दिसतो. त्या बुटाची टाच आणि पुढचे टोक यांच्यामध्ये बासिलिकाता नावाचा भाग आहे. तेथील मातेरा या शहराची माहिती मी आज सांगणार आहे.

मातेराची जुनी वस्ती खोल घळीच्या काठावर आहे. तिला ‘सास्सी’ म्हणतात. सास्सी म्हणजे दगड. तिथला दगड मऊ असतो, म्हणून लोकांनी तो लेण्यासारखा कोरून घरे केली. खालच्या घराचे छप्पर म्हणजे वरच्या घराची वाट! आहे की नाही गंमत?

आता पाण्याचे बघा. तिकडे पाऊस कमी. म्हणून छपरावरचे पाणी पन्हळीने जमिनीखालच्या टाक्यांत साठवत. शहराच्या मुख्य चौकाखाली असेच एक मोठे टाके आहे. त्यात सुमारे ५० लाख लिटर पाणी मावते.

पाव भाजायची भट्टी सामाईक असे. मग आपला पाव ओळखायचा कसा? प्रत्येक घराचा लाकडी शिक्का असे. तो कच्च्या पिठावर उठवला की झाले. काही घरांना मिळून एक अंगण असे, त्याला ‘विचिनातो’ म्हणत. अडीअडचणीला तिथलेच शेजारी धावत.

पण हे सारे ऐकून तिथे सुखच होते असे समजू नका बरं का. कोंदट, ओलसर खोलीत माणसे, खेचर आणि कोंबड्या एकत्र राहत. हिवतापाने मुले आजारी पडत. कार्लो लेव्ही यांचे पुस्तक १९४५ साली निघाले. त्यात तिथली मुले पैशांऐवजी कोयनेल मागतात, असे लिहिले आहे. ते वाचून मला फार वाईट वाटले.

१९५० साली इटलीचे पंतप्रधान दे गास्पेरी यांनी ही वस्ती पाहिली. १९५२ साली कायदा झाला आणि सुमारे पंधरा हजार लोकांना नव्या घरांत नेण्यात आले. उजेड मिळाला, नळ मिळाले; पण जुने शेजार तुटले. सास्सी ओस पडली.

पुढे १९८६ साली सास्सीच्या दुरुस्तीसाठी कायदा झाला. १९९३ साली युनेस्कोने तिला जागतिक वारसा ठरवले. ज्या घरांची देशाला लाज वाटत होती, तीच आता पाहायला जगातून लोक येतात. काही गुहांत हॉटेले आहेत. एका गुहेत जुना संसार जसाच्या तसा मांडून ठेवला आहे. खाटेपासून थोड्याच अंतरावर खेचराची जागा!

मग ती घरे चांगली की वाईट? मला वाटते, बांधणाऱ्यांची अक्कल मोठी होती आणि त्यांची गरिबीही मोठी होती. म्हणून सास्सीला सुंदर म्हणताना कोयनेल मागणारी मुलेही आठवली पाहिजेत.