कणाघात यंत्रातील न्यूट्रिनोंचा मागोवा

न्यूट्रिनोस विद्युद्भार नसतो आणि द्रव्याशी त्याची परस्परक्रिया अतिशय क्वचित घडते. १९३० साली पाउली यांनी त्याची कल्पना मांडली व १९५६ साली कावन आणि राइन्स यांनी अणुभट्टीजवळ त्याचे अस्तित्व सिद्ध केले. पुढे सूर्य आणि वातावरण यांतून येणारे न्यूट्रिनोही नोंदले गेले. तथापि कण समोरासमोर आदळविणाऱ्या यंत्रांत ते विपुल निर्माण होत असता, २०२३ पूर्वी तेथे त्यांची निर्विवाद ओळख पटली नव्हती.

याचे कारण शोधकांच्या रचनेत आहे. जिनीव्हानजीकच्या सर्न संस्थेतील लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये प्रोटॉन आदळले म्हणजे पायॉन, केऑन इत्यादी अल्पायुषी कण उत्पन्न होतात व त्यांच्या क्षयातून न्यूट्रिनो निघतात. यांतील सर्वाधिक ऊर्जेचे न्यूट्रिनो शलाकेच्याच दिशेने जातात. आघातबिंदूभोवती उभारलेल्या शोधकांत शलाकेसाठी वाट मोकळी ठेवावी लागते. त्याच वाटेने हे कण निसटत.

फेसर प्रयोगाने ही उणीव भरून काढली. आघातबिंदूपासून ४८० मीटरवर, शलाकेची वर्तुळाकार वाट सोडून सरळ पुढे गेल्यास लागणाऱ्या एका जुन्या भुयारात हा शोधक बसविला आहे. प्रोटॉनांना चुंबके वळवून नेतात व इतर बहुतेक कण मधल्या खडकात शोषले जातात. उरतात ते न्यूट्रिनो आणि म्यूऑन. या दोहोंतील भेद ओळखणे हाच खरा प्रश्न होय.

त्याची युक्ती साधी आहे. विद्युद्भारित कण जाताच चमकणारी पटले अग्रभागी ठेविली आहेत. त्यांच्या मागे सुमारे १.१ टन टंगस्टन असून त्याच्या पत्र्यांमध्ये प्रकाशसंवेदी पायसाच्या फिती आहेत. म्यूऑन बाहेरून आला तर पुढील पटले साक्ष देतात. पटले मूक राहिली, परंतु मागील बाजूने वेगवान म्यूऑन बाहेर पडला, तर त्याचा उगम टंगस्टनमध्येच झाला, असे मानावे लागते. प्रवेशाची खूण नसणे हाच येथे पुरावा ठरतो. अशा १५३ घटना मार्च २०२३ मध्ये जाहीर झाल्या. त्याच वर्षी एसएनडी प्रयोगानेही स्वतंत्रपणे ८ घटना नोंदविल्या.

पूर्वीच्या प्रवेगकांतील न्यूट्रिनोंची ऊर्जा काही शतक अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत होती. अंतराळातून येणाऱ्यांची त्याहून पुष्कळच अधिक असते. मधल्या टप्प्यात सिद्धान्त खरा ठरतो की नाही, याची कसोटी आता प्रयोगशाळेत घेता येते. २०२४ साली पायसांच्या परीक्षणातून इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनोंच्या ४ व म्यूऑन-न्यूट्रिनोंच्या ८ संभाव्य घटना मिळाल्या. त्यांवरून काढलेले परस्परक्रियेचे मान सिद्धान्ताशी जुळणारे आहे. परंतु इतक्या अल्प घटनांवर अंतिम निर्णय देणे उचित नव्हे.